काळोखाची कथनरीती : ‘फिल्म न्वार’च्या आस्वादाचा प्रश्न

१

‘फिल्म न्वार’ ही संज्ञा आज ज्या चित्रपटांना सर्रास लावली जाते, ते चित्रपट निर्माण करणाऱ्यांच्या व्यवहारात ही संज्ञा नव्हती. १९४४ साली हॉलिवुडमध्ये ‘डबल इन्डेम्निटी’ किंवा ‘लॉरा’ तयार करणाऱ्यांच्या लेखी ते गुन्हेपट होते, रहस्यपट होते, फार तर ‘मेलोड्रामा’ होते. त्यांना हे नाव दिले ते पॅरिसमधल्या प्रेक्षकांनी. जर्मन अंमलाच्या काळात अमेरिकी चित्रपटांना फ्रान्सची दारे बंद होती. युद्ध संपल्यावर, १९४६ च्या उन्हाळ्यात, ‘द मॉल्टीज फाल्कन’, ‘लॉरा’, ‘मर्डर, माय स्वीट’, ‘डबल इन्डेम्निटी’ हे चित्रपट तेथे एकापाठोपाठ एक दाखवले गेले. निर्मितीच्या दृष्टीने तीन वर्षांत विखुरलेल्या या कलाकृती प्रेक्षकांसमोर एकत्र आल्या आणि त्यांच्यातले साम्य डोळ्यांत भरले. निनो फ्रँक या समीक्षकाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘लेक्रां फ्रान्से’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात या नव्या गुन्हेपटांसाठी ‘न्वार’ म्हणजे ‘काळा’ हे विशेषण योजले. गालिमार या प्रकाशनसंस्थेने १९४५ मध्ये मार्सेल द्युआमेल यांच्या संपादनाखाली सुरू केलेली ‘सेरी न्वार’ ही कादंबरीमालाही वाचकांच्या परिचयाची झाली होती. १९५५ साली रेमों बोर्द आणि एत्येन शोमतों यांनी या चित्रपटांवर पहिला ग्रंथ लिहिला. इंग्रजी समीक्षेत ही संज्ञा खऱ्या अर्थाने रुजली ती १९७० नंतर, रेमंड डर्गनट आणि पॉल श्रेडर यांच्या लेखांमुळे.

या इतिहासाचा एक अर्थ वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेषत्वाने लक्षात घ्यावा असा आहे. काही संज्ञा घोषणापत्रांतून जन्माला येतात. लेखक आधी भूमिका मांडतात आणि मग त्या भूमिकेतून निर्मिती होते. ‘न्वार’ची जन्मकथा याच्या नेमकी उलट आहे. ती आस्वादातून निर्माण झालेली संज्ञा आहे. पाहणाऱ्यांनी आधी एक अनुभव घेतला आणि मग त्या अनुभवाला नाव दिले. त्यामुळे ‘न्वार म्हणजे काय’ हा प्रश्न ‘न्वार कसा पाहावा’ या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. पाहण्याची रीत उथळ झाली की संज्ञाही पोकळ होते. गेल्या काही दशकांत नेमके हेच घडले आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

२

न्वारची लोकप्रिय ओळख आज एका यादीत सामावलेली दिसते. ओला रस्ता, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर पडणारी सावल्यांची जाळी, तिरपी हॅट, सिगारेटचा धूर आणि पुरुषाला विनाशाकडे नेणारी मोहक स्त्री. ही यादी जाहिरातींपर्यंत पोहोचली आहे. अभ्यासकांच्या लेखनातही तिचे वजन कमी नाही. १९७४ मध्ये जेनी प्लेस आणि लोवेल पीटरसन यांनी न्वारच्या दृश्यशैलीचे जे विश्लेषण केले, ते आजही मूलभूत मानले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र त्या विश्लेषणाचे पुढे सूत्र झाले. मंद प्रकाशयोजना दिसली की न्वार, असे समीकरण रूढ झाले. जर्मन अभिव्यक्तिवादाची छाया आणि अमेरिकी गुन्हेकथेचा कणखर गद्यस्वर यांचा संगम म्हणजे न्वार, अशी वंशावळही पाठ्यपुस्तकांत स्थिरावली.

सावलीचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. ‘डबल इन्डेम्निटी’च्या छायालेखक जॉन साइट्झ यांनी त्या घराच्या दिवाणखान्यातली कोंदट, धुळकट हवा दाखवण्यासाठी प्रकाशाच्या झोतात धातूचे बारीक कण उडवले होते. बाहेर कॅलिफोर्नियाचे लख्ख ऊन आणि आत पट्ट्यापट्ट्यांनी कापलेला प्रकाश, अशी ती रचना आहे. परंतु त्या पट्ट्यांना अर्थ येतो तो त्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या माणसाचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक असल्यामुळे. शेवट माहीत नसता तर ती केवळ एक सुरेख खोली ठरली असती. तात्पर्य, सावलीला आशय देणारी गोष्ट सावलीच्या बाहेर आहे. ती कथनाच्या रचनेत आहे. प्रकाशयोजनेचा अभ्यास त्या रचनेपासून तोडून केला की हाती उरते ती सजावट.

न्वारचा गाभा कथनरीतीत आहे, ही भूमिका मान्य केली तर वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला या चित्रपटांपुढे परके वाटण्याचे कारण उरत नाही. निवेदक कोण, तो कोणाशी बोलतो, त्याला काय माहीत आहे, तो काय लपवतो, आणि ज्याच्याविषयी तो बोलतो त्याला स्वतःचा आवाज आहे की नाही, हे प्रश्न कादंबरीच्या वर्गात रोज विचारले जातात. न्वारच्या आस्वादाची किल्ली याच प्रश्नांत आहे.

३

‘डबल इन्डेम्निटी’ हे या दृष्टीने सर्वांत स्पष्ट उदाहरण. जेम्स एम. केन यांची ही कथा १९३६ मध्ये ‘लिबर्टी’ साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. बिली वाइल्डर आणि रेमंड चँडलर यांनी तिची पटकथा लिहिली. वॉल्टर नेफ हा विमा कंपनीचा विक्री-प्रतिनिधी रात्री आपल्या कचेरीत येतो. तो जखमी आहे. डिक्टाफोनपुढे बसून तो आपला सहकारी बार्टन कीज याला उद्देशून सारी हकीकत सांगू लागतो. खून आपण केला, पैशासाठी आणि एका स्त्रीसाठी केला, आणि दोन्ही हाती लागले नाही, हे तो पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतो.

रहस्यकथेच्या दृष्टीने पाहिले तर हा आत्मघात आहे. खुनी कोण आणि शेवटी काय होते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कथा सुरू होण्यापूर्वीच देऊन टाकली आहेत. मग प्रेक्षक कशासाठी बसतो? त्याचे कुतूहल ‘काय झाले’ या प्रश्नावरून हलते आणि ‘हा माणूस मागे का फिरू शकला नाही’ या प्रश्नावर स्थिरावते. प्रत्येक प्रसंगात परतीची एक वाट दिसते आणि प्रत्येक वेळी ती सोडली जाते. ग्रीक शोकांतिकेच्या प्रेक्षकाला कथा ठाऊक असे; न्वारचा प्रेक्षकही जवळपास त्याच जागी आणून बसवला जातो. फरक इतकाच की येथे दैवाची जागा विम्याच्या करारातील एका कलमाने घेतलेली असते. आगगाडीतला अपघाती मृत्यू विरळा म्हणून त्याला दुप्पट भरपाई, या व्यापारी हिशोबातून येथे नियती साकारते.

या रचनेमागे एक बाह्य कारणही होते, असे मानता येते. १९३४ पासून हॉलिवुडमध्ये ‘प्रॉडक्शन कोड’ या आचारसंहितेची कठोर अंमलबजावणी सुरू झाली होती. गुन्हेगाराला पडद्यावर शिक्षा झालीच पाहिजे, असा तिचा आग्रह. केन यांची ही कथा तीसच्या दशकात पडद्यावर येऊ शकली नाही, ती याच संहितेच्या पहारेकऱ्यांच्या हरकतीमुळे. शेवट जर बाहेरून ठरवून दिलेला असेल तर कलावंतापुढे दोन मार्ग उरतात. एक, तो शेवट अखेरीस ठिगळासारखा जोडणे. दुसरा, तो प्रारंभीच मांडून त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेलाच कथेचा विषय करणे. उत्तम न्वार चित्रपटांनी दुसरा मार्ग स्वीकारला. निर्बंध येथे रूपबंधात परिणत झाला. वाइल्डर यांनी नेफच्या मृत्युदंडाचे दृश्य प्रत्यक्ष चित्रित करून नंतर गाळले, हेही या संदर्भात बोलके आहे. शिक्षा दाखवण्याची गरजच उरली नव्हती, कारण कबुलीजबाबातच ती पुरी झाली होती. चित्रपटभर कीजची चिरूट पेटवून देणारा नेफ अखेरीस दारात कोसळतो आणि कीज त्याची सिगारेट पेटवून देतो. न्यायालय, वधस्तंभ वगैरे सारे या एका कृतीने अनावश्यक करून टाकले.

ही रीत अमेरिकेतच जन्मली असेही नाही. मार्सेल कार्ने यांच्या ‘ल जूर स लेव्ह’ (१९३९) या फ्रेंच चित्रपटात जाँ गाबँ यांनी रंगवलेला कामगार खून करून आपल्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली पोलिसांचा वेढा पडतो आणि रात्रभर तो आठवत राहतो. पहाटे तो स्वतःवर गोळी झाडतो आणि मग खोलीतले गजराचे घड्याळ वाजू लागते, ज्याने एरवी त्याला कामावर जाण्यासाठी उठवले असते. संवाद लिहिणारे झाक प्रेव्हेर हे कवी होते हे या प्रसंगात जाणवते. फ्रान्समध्ये ‘न्वार’ हे विशेषण तीसच्या दशकाच्या अखेरीस अशा चित्रपटांसाठी वापरलेही जात होते. म्हणजे १९४६ साली फ्रेंच समीक्षकांना अमेरिकी चित्रपटांत जे दिसले, त्यात त्यांच्याच चित्रपटांची ओळख काही अंशी मिसळलेली होती. हॉलिवुडने पुढे १९४७ मध्ये याच कथेवरून ‘द लाँग नाइट’ काढला आणि मूळ फ्रेंच चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा प्रयत्न झाला. न्वार ही अमेरिकेची मिरास मानणाऱ्यांनी हा इतिहास नजरेआड करू नये.

४

कबुलीजबाब हा न्वारचा गाभा मानला की लगेच एक अडचण उभी राहते आणि तिला सामोरे गेल्याशिवाय आस्वाद पुरा होत नाही. कबुली देणारा खरे बोलतो हे कशावरून? नेफ कीजशी बोलतो. म्हणजे ज्याच्या आदराची त्याला आस आहे अशा माणसाशी बोलतो. फिलिस ही स्त्री प्रेक्षकाला दिसते ती त्याच्या निवेदनातून. अखेरच्या भेटीत ती त्याच्यावर एक गोळी झाडते, दुसरी झाडू शकत नाही. तिच्या मनात त्या क्षणी काय आले? ती सांगते, पण नेफला ते पटत नाही आणि तो तिला ठार करतो. त्या खोलीत काय घडले याचा दुसरा साक्षीदार नाही. डिक्टाफोन तिच्यापुढे कधीच ठेवला जात नाही.

‘लॉरा’च्या बाबतीत ही गोष्ट पुराव्यानिशी दाखवता येते. व्हेरा कॅस्परी यांच्या १९४३ च्या कादंबरीत निवेदनाची जबाबदारी अनेकांवर आहे. वॉल्डो लायडेकर बोलतो, पोलीस अधिकारी मॅकफर्सन बोलतो आणि एका भागात स्वतः लॉरा बोलते. ऑटो प्रेमिंजर यांच्या चित्रपटात निवेदन केवळ वॉल्डोच्या वाट्याला आले आहे. तो चित्रपटाचा आरंभ करतो, लॉराची पूर्वकथा सांगतो आणि अखेरीस तोच गुन्हेगार निघतो. कादंबरीत जिला स्वतःचे प्रकरण होते, ती चित्रपटात इतरांच्या नजरेचा विषय होते. तिच्या खोलीतले तिचे तैलचित्र हीच तिची प्रमुख उपस्थिती ठरते. चित्रपट सुंदर आहे यात वाद नाही. त्या सौंदर्याची किंमत कोणी मोजली, हे कादंबरी शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.

वाङ्मयाच्या वर्गात कादंबरी आणि चित्रपट यांची तुलना केली जाते ती बहुधा निष्ठेच्या कसोटीवर. काय गाळले, काय घातले, मूळ लेखकाला न्याय मिळाला का, अशी ही चौकशी असते. न्वारच्या बाबतीत ही कसोटी जवळजवळ निरुपयोगी आहे. विचारायला हवे ते असे : रूपांतरात बोलण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला? १९७८ मध्ये ई. अॅन कॅप्लन यांनी संपादित केलेल्या ‘विमेन इन फिल्म न्वार’ या संग्रहाने स्त्रीवादी समीक्षेच्या अंगाने हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे त्याचाही साचा झाला आणि ‘विनाशकारी स्त्री’ हे लेबल लावणे म्हणजेच विश्लेषण, असा समज पसरला. ते लेबल निवेदकाने लावलेले आहे. समीक्षकाने ते उचलून धरणे म्हणजे आरोपीची साक्ष निकाल म्हणून वाचणे होय.

येथून मूल्यमापनाचा एक निकष हाती येतो. निवेदक पुरुषाची हकीकत पुरेशी नाही, तिच्या बाहेर काही उरते, याची जाणीव जो न्वार चित्रपट ठेवतो, तो श्रेष्ठ. केवळ ती हकीकत सावल्यांनी सजवून सादर करणारा चित्रपट कितीही देखणा असला तरी दुय्यम. जगातल्या इतर देशांचे न्वार पाहण्याचे महत्त्व येथे आहे. अमेरिकेबाहेर ही जाणीव कधी कधी अधिक धीटपणे व्यक्त झाली.

५

कॅरल रीड यांचा ‘द थर्ड मॅन’ (१९४९) हा ब्रिटिश चित्रपट चार सत्तांच्या ताब्यातील व्हिएन्नात घडतो. ग्रॅहम ग्रीन यांनी पटकथेची पूर्वतयारी म्हणून आधी एक लघुकादंबरी लिहिली. तिचा निवेदक कॅलोवे हा ब्रिटिश पोलीस अधिकारी आहे. चित्रपटाने हा निवेदक काढून टाकला. प्रारंभी काही क्षण शहराची ओळख करून देणारा एक आवाज ऐकू येतो. ब्रिटिश आवृत्तीत तो खुद्द रीड यांचा आहे, तर अमेरिकी आवृत्तीत नायकाची भूमिका करणाऱ्या जोसेफ कॉटन यांचा. त्यानंतर हा आवाज नाहीसा होतो. कोणाच्याही कबुलीचा आधार नसलेल्या शहरात प्रेक्षकाला सोडून दिले जाते.

नायक हॉली मार्टिन्स हा स्वस्त साहसकथा लिहिणारा लेखक. जगाकडे तो आपल्या पुस्तकांच्या चौकटीतून पाहतो. मित्र निर्दोष, पोलीस दुष्ट, आणि शेवटी स्त्री नायकाची. वस्तुस्थिती अशी की त्याचा मित्र हॅरी लाइम भेसळ केलेले पेनिसिलिन विकतो आणि त्यापायी मुले मरतात किंवा कायमची अपंग होतात. रुग्णालयाच्या दृश्यात ही मुले पडद्यावर दाखवलेली नाहीत. दिसतो तो फक्त पाहणाऱ्याचा चेहरा. एवढे सत्य कळल्यावरही मार्टिन्सची कथा अखेरच्या पानापर्यंत जाऊ पाहते. दफन आटोपल्यावर तो स्मशानाच्या रस्त्याच्या कडेला अॅनाची वाट पाहत उभा राहतो.

ग्रीन यांच्या लघुकादंबरीत ती दोघे शेवटी सोबत चालू लागतात. रीड यांना हा शेवट मान्य नव्हता. चित्रपटात कॅमेरा जागचा हलत नाही. दूरवरून अॅना चालत येते, पाने गळत राहतात, अँटन कारास यांचे झिथर वाजत राहते. ती मार्टिन्सकडे नजरही न टाकता निघून जाते. ग्रीन यांनी पुढे रीड यांचेच बरोबर होते असे मोकळेपणाने मान्य केले. या शेवटाचे सामर्थ्य केवळ त्याच्या विषण्णतेत नाही. ज्या स्त्रीला नायकाने आपल्या कथेचे बक्षीस गृहीत धरले होते, ती त्या कथेतून चालत बाहेर जाते. तिला निवेदन मिळालेले नाही. तिला मिळाली आहे ती नकार देण्याइतकी वेळ. पडद्यावरचा तो दीर्घ काळ तिच्या मालकीचा आहे.

६

त्याच वर्षी जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांचा ‘स्ट्रे डॉग’ प्रदर्शित झाला. कुरोसावा यांनी ही कथा आधी कादंबरीच्या रूपात लिहिली आणि तिच्यासाठी आदर्श मानले ते जॉर्ज सिमनों यांना. सिमनों यांच्या कथांवर जाँ रनुआर यांनी १९३२ मध्ये आणि ज्युलियां द्युविव्हिए यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढले होते. म्हणजे टोकियोतल्या या न्वारची एक मुळी हॉलिवुडला वळसा घालून थेट फ्रेंच भाषेतील कादंबरीपर्यंत जाते. प्रभाव नेहमी एकाच केंद्रातून पसरतो, ही कल्पना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला तरी मान्य होऊ नये.

गर्दीच्या बसमध्ये मुराकामी या तरुण पोलिसाचे पिस्तूल चोरीला जाते. तोशिरो मिफुने यांनी रंगवलेला हा पोलीस पिस्तुलाच्या शोधात काळ्या बाजारातून भटकतो. हा दीर्घ, जवळजवळ निःशब्द भाग सहायक दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी प्रत्यक्ष बाजारात टिपलेल्या दृश्यांतून उभा राहिला आहे. युद्धात हरलेले टोकियो तेथे स्वतःच साक्ष देते. चित्रपटात काळोखापेक्षा ऊन अधिक आहे. माणसे घामाने निथळतात, पंखे फिरतात, रुमाल भिजतात. सावली हेच न्वारचे लक्षण मानणाऱ्यांना हा चित्रपट गोंधळात टाकतो. कथनरीतीकडे पाहणाऱ्याला मात्र तो न्वारच्या अंतःकरणाशी असलेला दिसतो.

युसा हा चोर आणि मुराकामी हे दोघेही युद्धावरून परतलेले सैनिक. परतताना दोघांच्याही पिशव्या चोरीला गेल्या होत्या. एक पोलीस झाला, दुसरा गुन्हेगार. चोरीच्या पिस्तुलातून सुटणाऱ्या प्रत्येक गोळीचे ओझे मुराकामी आपल्या माथी घेतो. येथे कबुलीजबाब गुन्हेगाराकडून पोलिसाकडे सरकला आहे. अपराधभाव त्याचा, गुन्हा दुसऱ्याचा. अखेरच्या झटापटीपूर्वी जवळच्या घरातून पियानोचा सराव ऐकू येतो. गोळीचा आवाज होतो, वाजवणारी स्त्री क्षणभर थांबून बाहेर पाहते आणि पुन्हा वाजवू लागते. झटापट संपते तेव्हा दोघेही चिखलाने इतके माखलेले आहेत की कोण कोणता ते चटकन ओळखू येत नाही. लहान मुले गाणे म्हणत जवळून जातात आणि युसा आक्रोश करू लागतो. त्या आक्रोशाला शब्द नाहीत. संपूर्ण चित्रपटात ज्याच्याविषयी इतरांनी बोलून घेतले, त्याचा आवाज अखेरीस ऐकू येतो तो असा. वडील पोलीस सातो नंतर मुराकामीला समजावतो की हळूहळू तू हे विसरशील. प्रेक्षकाने मात्र तो आक्रोश ऐकलेला असतो आणि विसरण्याचा सल्ला त्याला पटत नाही. चित्रपटाची नैतिक शक्ती या न पटण्यात आहे.

७

मुंबईत न्वार आला तोही केवळ हॉलिवुडच्या वाटेने नव्हे. म्युनिकचे छायालेखक योझेफ विर्शिंग १९३४ पासून मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये काम करीत होते आणि कमाल अमरोही यांच्या ‘महल’चे (१९४९) छायालेखन त्यांचेच. जर्मन छायाप्रकाशाची जी परंपरा स्थलांतरित कलावंतांनी कॅलिफोर्नियात नेली, तिची एक शाखा मालाडला येऊन राहिली होती. दोन वर्षांनी नवकेतनचा ‘बाजी’ आला. गुरुदत्त यांचे हे पहिले दिग्दर्शन आणि बलराज साहनी यांचे लेखन. बहिणीच्या क्षयाच्या उपचारासाठी पैसा हवा म्हणून मदन जुगाराच्या क्लबात नोकरी धरतो. त्या क्लबाचा मालक सतत अंधारात राहतो आणि तो शहरातला प्रतिष्ठित गृहस्थ, नायिकेचाच पिता, असल्याचे पुढे उघड होते. येथे सावलीला सामाजिक पत्ता आहे. काळोख गल्लीतून बंगल्यात शिरत नाही, तो बंगल्यातून गल्लीत उतरतो.

हिंदी न्वारने कथनरीतीत जी भर घातली तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही भर म्हणजे गाणे. हॉलिवुडच्या न्वारमध्ये निवेदनाचा आवाज मुख्यतः पुरुषाचा. ‘बाजी’त निवेदक नाही, पण क्लबातील नर्तकी नीना हिला गाणी आहेत. गीता रॉय यांच्या आवाजातल्या एका गाण्यातून ती मदनला डाव खेळायला उद्युक्त करते, तर दुसऱ्या गाण्यातून भर मैफलीत, इतरांना कळू न देता, त्याच्या जिवावरच्या संकटाची सूचना देते. गाणे येथे कथेला थांबवत नाही, कथा पुढे नेते. जिला प्रसंगांत बोलण्याची मुभा नाही तिला गाण्यात ती मिळते. अर्थात या सवलतीची मर्यादाही स्पष्ट आहे. नीना प्राण देते आणि सुशिक्षित डॉक्टर नायिका मदनला मिळते. व्यवस्था सावरली जाते. ‘बाजी’ किंवा राज खोसला यांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६) यांचे शेवट ‘द थर्ड मॅन’च्या शेवटाइतके धीट नाहीत, हे मान्य करावे लागते. परंतु ‘हॉलिवुडची नक्कल’ एवढ्या शेऱ्यावर या चित्रपटांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. नक्कल करणाऱ्याने आवाजाची मालकी बदलली नसती.

मराठी समीक्षेपुढे यातून एक प्रश्न येतो. बाबूराव अर्नाळकरांचे काळापहाड, झुंजार हे कायद्याबाहेर राहून न्याय करू पाहणारे नायक मराठी वाचकांच्या पिढ्यांनी वाचले. वाङ्मयेतिहासाने मात्र रहस्यकथेला ‘लोकप्रिय’ या कप्प्यात ठेवून तिच्या कथनरीतीची विचारपूस क्वचितच केली. फ्रान्समध्ये स्वस्त कादंबरीमालेचे विशेषण एका मोठ्या चित्रपटपरंपरेचे नाव झाले, कारण तेथील समीक्षकांनी त्या पुस्तकांकडे नाक मुरडून पाहिले नाही. अर्नाळकरांना केन किंवा सिमनों ठरवण्याची गरज नाही. मराठी रहस्यकथेत बोलण्याचा अधिकार कोणाला होता आणि कोणाला नव्हता, एवढे जरी तपासले तरी एम.फिल.च्या नव्हे, पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होईल.

८

न्वारच्या निराशेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. सारेच भ्रष्ट, सारेच हताश, असे सांगणारी कला विद्यार्थ्यांपुढे कशासाठी ठेवावी? हा आक्षेप न्वारला केवळ एक मनःस्थिती समजण्यातून येतो. नेफच्या हकीकतीत परतीच्या वाटा वारंवार दिसतात. त्या नसत्या तर कबुलीला अर्थ राहिला नसता. जबाबदारी मानणाऱ्या जगातच कबुलीजबाब संभवतो. उलट, दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सर्वच न्वार चित्रपटांत निवेदकाचा आवाज नसतो. ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये तो नाही. हे खरे आहे. मात्र त्या चित्रपटातही प्रेक्षक जवळजवळ सर्वत्र सॅम स्पेडच्या सोबत फिरतो आणि त्याला कळेल तेवढेच प्रेक्षकाला कळते. आवाज असो वा नसो, ज्ञानाची मर्यादा एका माणसाशी बांधलेली आहे. कथनरीती म्हणजे केवळ ऐकू येणारे निवेदन नव्हे, हे कादंबरीच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

प्रत्यक्ष अध्यापनाच्या दृष्टीने या विवेचनातून काही गोष्टी निष्पन्न होतात. चित्रपट प्रथम सलग दाखवावा, मध्येच थांबवून सावल्यांकडे बोट दाखवू नये. खोलीत खरोखर अंधार असावा. उजेडात पाहिलेल्या न्वारमधील काळा रंग करडा होतो आणि प्रतिमेचा अर्धा भाग हरवतो. परभाषिक चित्रपटात उपशीर्षके वाचताना नजर पडद्याच्या तळाशी अडकते, म्हणून आरंभीची दहा मिनिटे आणि अखेरची पाच मिनिटे पुन्हा, उपशीर्षकांशिवाय, पाहण्याचा परिपाठ ठेवावा. एकदा केवळ ध्वनी ऐकावा : झिथर, पियानो, घड्याळाचा गजर. यानंतर मूळ कथा वाचावी आणि तुलना करावी ती निष्ठेची नव्हे, तर आवाजाची. पुण्यात १९६० मध्ये स्थापन झालेली चित्रपट संस्था आणि १९६४ मध्ये स्थापन होऊन २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय यांच्यामुळे महाराष्ट्रात चित्रपट-रसास्वादाची एक परंपरा तयार झाली. सतीश बहादूर यांच्यासारख्या अध्यापकांनी चित्रपट हा वाचण्याचा विषय आहे हे शिकवले. मराठी विभागांनी या परंपरेपासून अंतर राखण्याचे काहीच कारण नाही. अभिजात चित्रपट आज घरबसल्या उपलब्ध होतात. दुर्मीळ झाली आहे ती त्यांच्याविषयी एकत्र बसून केलेली चर्चा, आणि ती घडवण्याची सोय वर्गाइतकी दुसरीकडे नाही.

न्वारला नाव दिले ते पाहणाऱ्यांनी. त्या नावाचा अर्थ टिकवण्याची जबाबदारीही पाहणाऱ्यांवरच येते. सावल्या पाहून सुखावणारा प्रेक्षक निवेदकाच्या बाजूने बसलेला असतो, हे त्याला कळलेलेही नसते. फिलिसला न मिळालेला डिक्टाफोन, लॉराचे गाळलेले प्रकरण, युसाचा शब्दहीन आक्रोश, नीनाचे इशारा देणारे गाणे आणि मागे न पाहता निघून जाणारी अॅना यांची दखल घेणारा प्रेक्षक त्या खटल्यात साक्षी होतो. आस्वाद आणि न्यायबुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी शिकवण सौंदर्यशास्त्राच्या वर्गात पुष्कळदा दिली जाते. न्वारच्या बाबतीत तरी ती टिकत नाही. येथे नीट पाहणे म्हणजेच ज्याला बोलू दिले नाही त्याच्याकडे लक्ष देणे आहे.